एका तुकड्याचा फरक

बँक माणसाला निवृत्त करते, पण त्याच्या आत बसलेला फरक शोधणारा इसम काही निवृत्त होत नाही. 36 वर्षं मी संध्याकाळचे हिशेब जुळवले. एका रुपयाचा फरक आला तरी लोकल सोडून आम्ही बसायचो. बाहेरच्या लोकांना वाटतं, खिशातून एक रुपया टाकावा आणि घरी जावं. तसं करता येत नाही. रुपया कमी भरणं जेवढं पाप, तेवढंच तो जास्त भरणं. फरक सापडायलाच हवा. आणि तो सापडला की दर वेळी एकच गोष्ट कळायची: ज्याने सगळ्यात जास्त आरडाओरडा केलेला असायचा, घोळ त्याच्याच हातून झालेला असायचा.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

निवृत्तीनंतर पहिले तीन महिने मी घरातले फरक काढले. दुधाच्या पिशव्या आणि दूधवाल्याचं बिल, इस्त्रीला गेलेले आणि आलेले कपडे, गॅसचा सिलिंडर मागच्या वेळी किती दिवस पुरला आणि या वेळी किती. काजूच्या डब्यावर मी तारीख आणि नग लिहून चिठ्ठी लावली, त्या रात्री बायकोने म्युनिकला राहणाऱ्या मुलीला फोन केला. दोघींचं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. पण गणपतीला मुलगी डोंबिवलीला आली तेव्हा चॉकलेटांच्या खालून एक चौकोनी खोका निघाला.

"बाबा, हे तुमच्यासाठी. जिगसॉ पझल. हजार तुकडे आहेत."

"दोन हजारांचं नव्हतं का?" बायकोने विचारलं.

खोक्यावर चित्र होतं नॉयश्वानस्टाइनच्या राजवाड्याचं. डोंगरावर पांढराशुभ्र राजवाडा, निमुळते मनोरे, खाली गर्द झाडी आणि वर निळंभोर आभाळ. आईने चष्मा पुसून चित्र पाहिलं आणि म्हणाली, "एवढं बसून जुळवायचंच आहे, तर रायगड जुळव की."

मुलीने राजवाड्याची गोष्ट सांगितली. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग. त्याने 1869 मध्ये हे बांधकाम काढलं आणि सतरा वर्षं तो ते करतच राहिला. कर्ज डोक्यावरून गेलं तरी थांबेना. शेवटी 1886 मध्ये मंत्र्यांनी त्याला डॉक्टरांकरवी वेडा ठरवून गादीवरून दूर केलं, आणि थोड्याच दिवसांत तो एका तळ्यात मृत सापडला. राजवाडा अपुराच राहिला.

बायको ही गोष्ट नको तितक्या लक्षपूर्वक ऐकत होती.

"किती डॉक्टर लागले त्याला वेडा ठरवायला?"

"चार."

"आणि तपासावं लागतं का आधी?"

"त्यांनी न तपासताच सह्या केल्या होत्या."

"बरं," बायको म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

अनंत चतुर्दशीला गणपती गेले, पाठोपाठ मुलगी गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर खोका उपडा केला. पूर्ण झाल्यावर चित्र 70 सेंटिमीटर रुंद आणि 50 सेंटिमीटर उंच होणार होतं, म्हणजे आमच्या चार माणसांच्या टेबलाचा निम्मा भाग. उरलेल्या निम्म्या भागावर तीन माणसांनी जेवायचं, असा ठराव मी मांडला आणि मीच मंजूर केला. टेबल जुनं आहे आणि त्याचा एक पाय लग्नात आलं तेव्हापासून आखूड आहे. आई भाजी निवडताना कोपर टेकायची की टेबल डुगडुगायचं आणि बव्हेरियात भूकंप व्हायचा.

जाणकार सांगतात, आधी कड लावून घ्यावी. एक बाजू सरळ असलेले तुकडे शोधायचे, चौकट उभी करायची आणि मग आत शिरायचं. मला ही शिस्त मनापासून पटली. पण मी बँकेतला माणूस, शोधण्याआधी एकूण किती हवेत ते काढलं. चाळीस तुकडे आडवे, पंचवीस उभे. वर चाळीस, खाली चाळीस, डावीकडे पंचवीस, उजवीकडे पंचवीस. बेरीज 130.

सापडले 126.

चार तुकड्यांचा फरक! मी पुन्हा सगळे तुकडे चाळले. टेबलाखाली बॅटरी मारली. सोफ्याच्या गाद्या काढल्या, त्यांत बायकोचं कधीचं हरवलेलं कानातलं सापडलं, पण मला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. कामाच्या मावशींना थांबवून केर कुठे टाकता ते विचारलं. मावशी म्हणाल्या, "साहेब, मी केर काढते, सामान काढत नाही." दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी मी त्या जर्मन कंपनीला पाठवायचं पत्र लिहायला घेतलं. 'आपल्या नावलौकिकास न शोभणारी बाब' इथपर्यंत आलो होतो, तेवढ्यात शेजारचा पाचवीतला मुलगा वाटीभर साखर मागायला आला. टेबलाकडे बघून म्हणाला, "आजोबा, चौकट तर पूर्ण झालीय की."

मी पाहिलं. चौकट खरंच बंद झाली होती. चारही बाजू एकमेकींत अडकलेल्या, फट कुठेही नाही.

"पण चार कमी आहेत," मी म्हणालो.

त्याने माझा कागद पाहिला. "तुम्ही कोपरे दोनदा धरलेत."

36 वर्षं. दोन पदोन्नत्या. आणि कोपरे दोनदा धरले. मुलाने साखर घेतली आणि गेला. ती साखर मी परत मागितलेली नाही.

चौकटीच्या आतलं काम मात्र शास्त्रशुद्ध करायचं ठरवलं. तुकड्याला चार बाजू. प्रत्येक बाजूला एकतर बाहेर आलेला कान, नाहीतर आत गेलेली खाच. चारही कान, तीन कान, एक कान, चारही खाचा, आणि दोन कान असतील तर ते समोरासमोर किंवा शेजारी-शेजारी. एकूण सहा प्रकार. रंग चार: पांढरा राजवाडा, हिरवी झाडी, करडा खडक, निळं आभाळ. सहा गुणिले चार, चोवीस. मी फडताळातून चोवीस वाट्या काढल्या. त्या दिवसापासून घरात वरण ताटात वाढलं जाऊ लागलं आणि ते भातावरून वाहत लोणच्यापर्यंत जाऊ लागलं. चौकट लावताना कोपऱ्याचे चार तुकडे वेगळे राहावेत म्हणून मी आईचं ताम्हण घेतलं होतं. ते तिने बोलून नाही, नुसतं बघून परत घेतलं.

हिरवी झाडी आठवड्यात लागली. राजवाडा त्याहून लवकर, कारण त्याला खिडक्या आहेत, कौलं आहेत, काठ आहेत. मग राहिलं आभाळ. चारशे तुकडे, सगळे निळे. ढग नाही, पक्षी नाही, एखादं विमानसुद्धा नाही. चारशेतल्या कुठल्याही दोन तुकड्यांची जोडी करून पाहायची म्हटली तर 79,800 जोड्या होतात. हा आकडा मी काढला, दोनदा तपासला, आणि मग आभाळाला हात लावायच्या ऐवजी या खेळाचा इतिहास वाचायला बसलो. न जमणाऱ्या कामाचा इतिहास वाचायला घेणं, ही सुशिक्षित माणसाची कामचुकारपणाची पद्धत आहे.

त्यातून कळलं ते असं. 1760 च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा कारागीर होता. त्याने लाकडाच्या पातळ फळीवर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून करवतीने कापला. मुलांनी तुकडे जुळवत भूगोल शिकावा ही कल्पना. पण त्या माणसाचा खरा मोठेपणा पुढेच आहे: त्याच्याकडे तोच नकाशा समुद्राशिवायही मिळायचा, आणि तो स्वस्त पडायचा. ज्याला नुसता निळा रंग जुळवत बसायचं नाही, त्याने जमीन तेवढी घ्यावी! ग्राहकाच्या मनाचा इतका विचार करणारा व्यापारी मी बँकेच्या कर्जदारांतही पाहिला नाही. अडीचशे वर्षांत या धंद्याने काय प्रगती केली असेल, तर समुद्र आणि आभाळ सक्तीचं केलं. आभाळाशिवाय राजवाडा मिळाला असता, तर मी दसऱ्यालाच पूर्ण करून सोनं वाटलं असतं.

आणखीही कळलं. सुरुवातीला मोठ्या माणसांसाठी निघालेल्या लाकडी कोड्यांच्या खोक्यावर चित्रच नसायचं. शिवाय तुकडे एकमेकांत अडकतीलच असं नव्हतं, जोरात शिंक आली तर रात्रभराची मेहनत गेली. इंग्लंडच्या दुसऱ्या एलिझाबेथ राणीलाही याचा नाद होता. हे मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती कांदा चिरत होती.

"राणीचं जेवणाचं टेबल वेगळं असेल," ती म्हणाली.

आता माझ्या बायकोबद्दल. तिला जिगसॉत काडीचाही रस नाही. पण ती टेबलाजवळून जाता जाता, एका हातात झारा असताना, दुसऱ्या हाताने एक तुकडा उचलते आणि लावते. टक्. ज्या भोकापुढे मी सकाळपासून भिंग घेऊन बसलेलो असतो, नेमका तिथला. आणि थांबत नाही, बघत नाही, काही बोलत नाही, सरळ गॅसकडे जाते. मी विचारलं, "कसं कळलं तुला?" तर म्हणाली, "दिसलं." या 'दिसलं'वर कुठलंही ऑडिट चालत नाही. नवव्या रात्री तिने जेवणं होईपर्यंत असे अकरा तुकडे लावले. माझे दिवसभरात सात झाले होते.

त्या रात्री माझ्या मनात एक भीती शिरली. मी महिनाभर खपायचं, आणि शेवटचा तुकडा ही बाई जाता जाता लावून जाणार. टक्. झारा हातात घेऊन. शेवटच्या तुकड्याचं महत्त्व जिगसॉवाल्यांनाच कळतं. नारळ वाढवण्याचा तो मान असतो. माझ्या निवृत्तीच्या समारंभात वरिष्ठ साहेबांनी चुकून दुसऱ्याच माणसाचं भाषण वाचलं होतं. मी न गेलेल्या शाखांमधल्या माझ्या कामगिरीबद्दल टाळ्या वाजल्या, शाल मिळाली, फोटो निघाला. तेव्हा आयुष्यात एक तरी समारंभ पुरता माझ्या नावावर असावा, असं वाटणं चूक आहे का?

ही भीती मी कोणाला बोलून दाखवली नाही. ती रात्र आपण इथेच सोडून पुढे जाऊ.

मधल्या दिवसांबद्दल खरं सांगायचं तर ते फार सुखाचे होते. मी विनोद करतोय म्हणून गैरसमज नको. रात्री घर झोपलं की मी टेबलावरचा दिवा लावायचो. बाहेर शेवटच्या लोकलची खडखड व्हायची. एक तुकडा हातात घ्यायचा, फिरवायचा, लावून बघायचा. नाही. दुसरा. नाही. तिसरा बसल्यासारखा वाटायचा, पण बोट फिरवलं की कडेला केसाइतकी उंची लागायची, म्हणजे खोटा. तो काढताना मला दरवेळी काउंटरवर आलेले चेक आठवायचे: सही तंतोतंत, फक्त माणूस दुसरा. आणि मग मध्येच कधीतरी तो क्षण यायचा. कान खाचेत उतरायचा, बोटाला काही लागायचं नाही, आणि तो बारीकसा आवाज. टक्. त्या आवाजात एक आश्वासन असतं. या हजारातल्या प्रत्येकाची जागा ठरलेली आहे, एकेकाची एकच आणि कुठेतरी नक्की आहे, फक्त दमानं घ्या. बँकेत हे आश्वासन मला कधी कोणी दिलं नाही. तिथे माणसं बदलीवर जायची आणि जागा भरल्याच जायच्या नाहीत.

1933 च्या सुरुवातीला, मंदीने लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या तेव्हा, अमेरिकेत आठवड्याला एक कोटी जिगसॉ खपत होती. पुठ्ठ्याची स्वस्त कोडी यायची आणि वाचनालयांतून पुस्तकांसारखी भाड्यानेही मिळायची. हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. ज्याला सकाळी कुठे जायचं नसतं, त्याला संध्याकाळी काहीतरी जुळलेलं हवं असतं.

अर्थात अति झालंच. डोळे मिटले की निळे कान आणि निळ्या खाचा तरंगायच्या. एकदा ठाण्याला जायचं होतं म्हणून गर्दीच्या वेळी लोकल पकडली. तिथे मला साक्षात्कार झाला की जिगसॉ मी 36 वर्षं रोज खेळत होतो. एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीच्या खाचेत, एकाची बॅग दुसऱ्याच्या मानेच्या वळणात, आणि चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला तो कडेचा तुकडा. सगळा डबा एकमेकांत घट्ट बसलेला, आणि ठाण्याला खोका उपडा.

दिवाळी आठ दिवसांवर आली आणि घरातून निर्वाणीचा खलिता आला. फराळाला टेबल हवं. चकल्या कुठे पाडायच्या, करंज्या कुठे लाटायच्या? स्पेनमधल्या वायादोलिद गावात 2019 पासून जिगसॉची जागतिक स्पर्धा भरते, तिथे एकटा माणूस पाचशे तुकडे तासाच्या आत लावतो, ही माहिती मीच कधीतरी उत्साहात दिली होती. ती आता माझ्यावर उलटली. "म्हणजे हजाराला दोन तास," बायको म्हणाली. "तुम्हाला पाच आठवडे झाले."

त्यातच दिवाळीची साफसफाई निघाली. जाळ्या निघाल्या, माळे निघाले, डबे उन्हात गेले. मी आभाळात होतो. आई टेबलावर कोपर टेकून चिवड्यासाठी खोबऱ्याचे काप करत होती, आणि प्रत्येक कापाला माझं आभाळ हलत होतं. शेवटी मी ओरडलो, "अगं, या टेबलाच्या पायाखाली काहीतरी लाव! पाच आठवडे सांगतोय!" पाच आठवडे मी काही सांगितलं नव्हतं, पण ओरडताना तसं म्हणायची पद्धत आहे. बायको हातात रद्दीचा गठ्ठा घेऊन चालली होती. तिने गठ्ठा खाली ठेवला, वाकली, काहीतरी केलं आणि गेली. टेबल शांत झालं. इतकं शांत, की मी त्या दिवशी चौतीस तुकडे लावले.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, दारात पणती लागलेली असताना, वाट्या एकेक करून रिकाम्या झाल्या. मी सगळ्यांना बोलावलं. आई आली, बायको आली, शेजारचा पाचवीतला हिशेबनीस आला. मुलीला व्हिडिओ कॉल लावून फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. मी शेवटच्या वाटीत हात घातला, तुकडा लावला, आणि मागे सरकलो.

उजव्या मनोऱ्याच्या वर, निळ्याभोर आभाळात, एक भोक होतं. त्यातून टेबलाचा सनमायका दिसत होता.

"एक कमी आहे," मी म्हणालो.

"कोपरे नीट मोजलेत का?" मुलाने विचारलं.

मग सुरू झाली शोधमोहीम. मी जे बोललो ते आज आठवलं तरी कानशिलं गरम होतात. मावशींच्या केरसुणीबद्दल बोललो. आईच्या खोबऱ्याबद्दल बोललो, काप समजून तुकडा चिवड्यात गेला असेल असं सुचवलं, आणि डबाभर चिवडा परातीत ओतून तपासला. बायकोला म्हणालो, "तू जाता-येता हात लावतेस, तूच कुठेतरी टाकला असशील." शेजारच्या मुलाला खिसे उलटे करायला लावले. त्यातून तीन गोट्या आणि लवंगी फटाका निघाला. मुलगी फोनमधून म्हणाली, "बाबा, शांत व्हा. कंपनीला लिहू या." मी गरजलो, "कंपनीचा प्रश्नच नाही! माझ्या घरातून वस्तू जाते म्हणजे काय? कोणीतरी मुद्दाम लपवल्याशिवाय..."

आणि 'लपवल्याशिवाय' या शब्दावर माझी जीभ जागच्या जागी थांबली.

नववी रात्र. अकरा विरुद्ध सात. सगळे झोपल्यावर मी आभाळाच्या वाटीतून एक तुकडा उचलला होता. बँकेत एखादी रक्कम कुठे लावायची ते तूर्त ठरत नसेल, तर ती सस्पेन्स खात्यात टाकतात. मीही तो तुकडा सस्पेन्सला टाकला होता. कोणी काहीही करो, शेवटी एक जागा रिकामी राहणार आणि तिचा तुकडा माझ्याकडे असणार. सस्पेन्सच्या नोंदीचा नियम एकच: ती रोज तपासायची. ज्युनिअर मुलांना हे मी आयुष्यभर शिकवलं. मी ती नोंद कुठे लिहिली नाही, तपासली नाही आणि साफ विसरलो.

आता माझी अवस्था बघा. सगळे जमिनीवर गुडघे टेकून शोधतायत, आई फोनच्या उजेडात पायपुसणं झटकतेय, आणि चोर मध्ये उभा राहून हुकूम सोडतोय. त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. मी काय केलं? म्हणालो, "जरा त्या कपाटामागे बघा." आणि सगळे कपाटामागे गेल्यावर हळूच साइडबोर्डचा तिसरा ड्रॉवर उघडला. ड्रॉवरमध्ये अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली, उजव्या कोपऱ्यात, मी तुकडा सरकवला होता.

ड्रॉवरमध्ये नवंकोरं वर्तमानपत्र होतं. त्यावर दिवाळीच्या साड्यांची जाहिरात होती. खाली काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान आटोपून, अंगाला उटण्याचा वास घेऊन मी रद्दीवाल्याच्या दुकानात पोचलो. त्याच्याकडे माणसं शोधायला येतात, हे त्याला नवीन नव्हतं. कोणाची एफडीची पावती येते, कोणाचं रेशनकार्ड.

"काय हरवलं, काका? चेक?"

"पुठ्ठ्याचा तुकडा आहे. एवढासा. निळा."

"त्याच्यावर काय लिहिलंय?"

"काही नाही. आभाळ आहे."

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग पोऱ्याला म्हणाला, "काकांना चहा सांग." मी गठ्ठ्यांकडे गेलो. साड्या, फ्लॅट, श्रद्धांजल्या, राशिभविष्य. दीड तासाने बाहेर आलो तेव्हा अभ्यंगस्नान फुकट गेलं होतं.

रात्री मुलीचा फोन आला. माझा आवाज ऐकून तिला वाटलं बाबा फार खचलेत, म्हणून तिने धीर द्यायला एक गोष्ट सांगितली. जॉर्ज पेरेक नावाच्या फ्रेंच लेखकाची 1978 ची कादंबरी आहे. तिच्यात बार्टलबूथ नावाचा श्रीमंत गृहस्थ दहा वर्षं चित्रकला शिकतो, वीस वर्षं जगभर हिंडून बंदरांची पाचशे चित्रं काढतो, त्यांची जिगसॉ करून घेतो आणि उरलेलं आयुष्य ती जुळवत बसतो. जुळलेलं प्रत्येक चित्र पुन्हा अखंड करून धुऊन टाकायचं, शेवटी कोरा कागद उरवायचा, असा बेत. 439 वं कोडं संपत आलेलं असताना तो खुर्चीतच मरतो. एकच भोक उरलंय, त्याचा आकार एक्ससारखा आहे, आणि त्याच्या हातातला तुकडा डब्ल्यूसारखा.

"बघा बाबा, त्याच्या हातात निदान तुकडा तरी होता," ती म्हणाली. मुलीला धीर देणं नीट जमत नाही.

बायको फोनवर ऐकत होती. "त्याची बायको काय करत होती?"

"एकटाच होता गं."

"तरीच."

लक्ष्मीपूजनाच्या रात्री मात्र मला राहवेना. वर्षभराचे हिशेब लक्ष्मीपुढे ठेवायचा दिवस. जेवताना, म्हणजे निम्म्या टेबलावर, मी कबूल झालो. नववी रात्र, अकरा आणि सात, सस्पेन्स, तिसरा ड्रॉवर, रद्दीवाला, सगळं. मावशींची माफी उद्या मागेन म्हणालो. आई म्हणाली, "लहानपणी पत्त्यातला राजा लपवायचास, तेव्हाही असाच विसरायचास. एकावन्न पत्त्यांवर खेळलो आम्ही दोन वर्षं."

बायकोने वाढता वाढता डाव आमटीत ठेवला.

"कुठल्या ड्रॉवरमध्ये म्हणालात?"

"तिसऱ्या."

"कागदाखाली? उजवीकडे?"

"हो."

"अगंबाई, तो होय!" असं म्हणून ती टेबलाखाली वाकली. मीही वाकलो. आईही वाकली. आखूड पायाखाली, पाच आठवड्यांच्या आभाळाचं सगळं वजन अंगावर घेऊन, पुठ्ठ्याचा एक तुकडा बसला होता.

"तुम्हीच ओरडलात ना, पायाखाली काहीतरी लाव म्हणून? ड्रॉवरचे कागद काढून रद्दी नेत होते, त्यात हा निघाला. मला वाटलं, तुम्ही त्यासाठीच जपून ठेवला असाल."

"पण निळा दिसला नाही तुला?"

"उलटा होता. मागून सगळे करडेच असतात."

शेजारच्या मुलाला बोलावलं. मी आणि बायकोने टेबल बोटभर उचललं, त्याने तुकडा ओढला. तुकडा दबून पातळ झाला होता, एका कानावर पायाचा वळ उमटला होता. मी तो हातात घेतला. भाषण करावंसं वाटलं, पण कोणाचं वाचलं जाईल याचा भरवसा नव्हता. मी तो भोकावर ठेवला आणि अंगठ्याने दाबला.

टक्.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायकोनेसुद्धा. हजारातला हजारावा. आईने समाधानाने मान हलवली आणि कोपर टेबलावर टेकलं. टेबल डुगडुगलं. ताटातला बेसनाचा लाडू घरंगळत राजवाड्याच्या फाटकापर्यंत गेला, आमटी हिंदकळली, आणि वरच्या कोपऱ्यातलं आभाळ अर्धा इंच सरकलं.

"आता पायाखाली काय लावायचं?" बायकोने विचारलं.

आई चित्राकडे बघत म्हणाली, "यातलाच एक लाव की. एवढे आहेत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रत्येक जमेला कुठेतरी नावे असतं, हे मी 36 वर्षं लोकांना शिकवलं होतं. मी नखाने तो तुकडा आभाळातून उचकटला आणि मुलाच्या हातात दिला. त्याने तो पायाखाली सरकवला.

पाडव्याला, भाऊबीजेला जो जो आला, त्याने त्याने भोकाकडे बोट दाखवून विचारलं. मी सांगायचो, मूळ राजवाडाही अपुराच राहिला, तेव्हा हे अगदी अस्सल आहे. बायको पाहुण्याला हाताने थोडं खाली वाकवायची आणि हजारावा तुकडा दाखवायची. फरक सापडलाय, कुठे आहे ते सगळ्यांना माहीत आहे, आणि तो भरून काढायची कोणाचीच तयारी नाही. बँकेत याला थकबाकी म्हणतात. पण टेबल हलत नाही, आणि लाडू ठेवला तिथेच राहतो.